खाजणातला शब्बाथ

पहिला दात पडला तो डीकन ओबडाया थर्लोंचा, आणि तोही प्रार्थना चालू असताना.

झालं असं, की दोन्ही गावं एकाच दिवशी खाजणात उतरली. पूर्वेकडून ईस्टवेलवाले चिखल तुडवत पायी आले, पश्चिमेकडून विक्सटनवाले सपाट बुडाच्या होड्यांतून. दोन्हीकडे लांब दांड्याचे विळे, दोन्हीकडे दाताळी, दोन्हीकडे बायबल. मधे गुडघाभर वाढलेलं खारं गवत. त्यावर गुरं हिवाळा काढायची आणि गुरांवर माणसं. हे गवत देवाने आपल्यालाच दिलंय असं ईस्टवेलच्या पाद्र्याने बायबलातून सिद्ध करून दाखवलं होतं. विक्सटनच्या पाद्र्यानेही दाखवलं होतं, त्याच पानावरून. त्यामुळे धर्माचा प्रश्न मिटला होता. राहिला होता फक्त हाडांचा.

"डोळे मिटा," डीकन म्हणाले. ईस्टवेलच्या चर्चमधले पाद्र्याखालचे कारभारी ते. ईस्टवेलने मिटले. विक्सटनवाल्यांनाही मिटावेच लागले. समोरचा प्रार्थना करतोय आणि आपण टकामका बघतोय, हे बरं दिसत नाही. पण त्यांच्यातल्या एका पुण्यवंताने एक डोळा किलकिला ठेवला होता.

"हे परमेश्वरा, वाट चुकलेल्या या आमच्या बांधवांना..." एवढं म्हणेपर्यंत एक भलामोठा शिंपला येऊन डीकनांच्या तोंडावर बसला. डीकननी दात थुंकला, राहिलेली प्रार्थना पुरी केली, आमेन म्हणाले आणि मग हातातला सोटा समोरच्याच्या कानशिलात घातला. आमेन झाल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

मागच्या रांगेत डीकनांचा जावई डोळे सताड उघडे ठेवून उभा होता आणि हसू दाबता दाबता त्याच्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या. हा सीबॉर्न पिकरेल. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, आणि ईस्टवेलच्या खोड्यात इतक्यांदा पाय अडकवून बसलेला, की खोड्याची भोकं त्याच्या घोट्यांच्या मापाची झाली होती. नाताळ साजरा करायची त्या मुलखात बंदी. तर या गड्याने एकदा ऐन नाताळच्या सकाळी गावच्या कॉन्स्टेबलच्या उंबऱ्यावर मनुके घातलेला केक ठेवला आणि मग गावभर बोंब ठोकली की कॉन्स्टेबल नाताळ करतोय. कॉन्स्टेबलने त्यासाठी भर सभाघरात उभं राहून माफी मागितली होती. केक खाल्ल्याबद्दल वेगळी.

हल्ला झाला. आता या लोकांची मारामारी म्हणजे काय, तर शिवी द्यायची नाही, देवाचं नाव फुकट घ्यायचं नाही, बाकी सगळं चालतं.

"बंधू, मान खाली घाल, तुझं टाळकं फोडतो."

"बंधू, आधी तुझं हे घे."

दाताळ्याचा दांडा एकाच्या नाकावर बसला आणि नाक गालावर जाऊन झोपलं. एका सुताराने विक्सटनच्या विणकराचा कान दातात धरला आणि सोडेना. विणकर म्हणत होता, "बंधू, कान सोड." सुतार म्हणत होता, "अं हं." दोघं गोल गोल फिरत होते. कुणाचं ढोपर निखळलं, कुणाची बोटं चिखलात बुटाखाली कडाकडा मोडली. एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला खाली पाडून तोंडात चिखल कोंबला आणि वर म्हणाला, "मूठभरच दिलाय हो. विक्सटनची जमीन पाहिजे होती ना? खा."

गंमत अशी, की हे सगळे एकाच गावचे. तिकडे इंग्लंडात, सफकमध्ये, एकाच सभेतले. राजाच्या बिशपांशी पटलं नाही म्हणून यांच्या बापांनी समुद्र ओलांडायचं ठरवलं, आणि समुद्र ओलांडताना एकमेकांशी पटलं नाही. स्तोत्र उभं राहून म्हणायचं की बसून, यावरून जहाजावर जुंपली. वादळात जहाज आडवं व्हायचं, खालच्या कोठारात ओकारी आणि उंदीर एकत्र तरंगायचे, आणि तशातही अर्धे खांब धरून उभे राहायचे, अर्धे ओकारीत मांडी ठोकून बसायचे. नव्या खंडाच्या किनाऱ्याला लागल्या लागल्या उभे राहणारे खाडीच्या पश्चिमेला गेले, बसणारे पूर्वेला. झाली दोन गावं.

त्याच कोठारात एकाच आठवड्यात दोन पोरं जन्मली. एक सीबॉर्न, समुद्रात जन्मला म्हणून तेच नाव. दुसरा होपस्टिल गॅरट. होपस्टिलची आई तापाने गेली आणि तिला जुन्या शिडात गुंडाळून पाण्यात सोडली. सीबॉर्नच्या आईने मग दोघांनाही पाजलं, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पुढे होपस्टिलच्या बापाने पश्चिमेची वाट धरली, उभा राहणारा होता ना तो. तेव्हापासून हे दूधभाऊ वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटायचे, खाजणात, मारामारीला.

होपस्टिल आता विक्सटनचा कॉन्स्टेबल होता. माणूस कसला, धान्याचं कोठार. सगळ्या गर्दीतून वाट काढत तो सीबॉर्नकडेच आला आणि त्याची कॉलर धरली.

"काय रे, जाड झालास."

"तू बोलू नको. आधी कोण पडतं?"

"गेल्या खेपेला मी पडलो होतो. बायको अजून ऐकवते. तू पड."

"पडतो. पण नाकावर नको. नाक सुजलं की माझी सब्मिट सतरा प्रश्न विचारते."

"बरं, पोटात मारल्यासारखं करतो. ओरड."

सीबॉर्न असा ओरडला, की बाजूचे दोघं मारामारी थांबवून बघायला लागले. दोघं गळ्यात गळा घालून चिखलात लोळले. लोळता लोळता होपस्टिलने विचारलं, घरी सगळं बरं ना. सीबॉर्न म्हणाला, आहे बरं, तुझ्या धाकटीचं लग्न झालं म्हणे. असं त्यांचं दरवेळचं होतं.

पण या खेपेला सीबॉर्नने एक आगाऊपणा करून ठेवला होता. विक्सटनच्या दोघा-चौघांनी शुक्रवारीच विळ्यांनी भरलेली एक होडी खाजणात आणून बांधून ठेवली होती. त्याच संध्याकाळी याने सब्मिटचं बदकाच्या चरबीचं मडकं पळवलं आणि एकेका विळ्याच्या दांड्याला, जिथे हात धरतात तिथे, मायेने चरबी चोळून ठेवली. डोळ्यांसमोर चित्र होतं: विक्सटनवाले कापायला उभे, विळे हातांतून सुळकन सटकतायत, आणि एकेक पुण्यात्मा तोंडावर आपटतोय. आठवून आठवून तो रात्री अंथरुणात हसला होता.

आणि तेवढ्यात विक्सटनचा एक जण, नुसतं भेदरवायचं म्हणून, विळा डोक्यावर घेऊन गरगरा फिरवायला लागला. विळा सटकला. हातभर लांब पातं मावळतीच्या उन्हात गोल गोल चमकत निघालं. वाटेत त्याने एकाची टोपी नेली, शेजारच्याची दोन बोटं नेली, आणि होपस्टिल नेमका सीबॉर्नच्या अंगावरून उठत होता, त्याच्या मांडीत जाऊन रुतलं.

होपस्टिलने खाली बघितलं. "अरेच्चा," एवढंच म्हणाला आणि बसला. पातं काढल्याबरोबर रक्ताची चिळकांडी उडाली ती सीबॉर्नच्या तोंडावर. सीबॉर्नचं हसू जिथल्या तिथे गोठलं. त्याने कमरेचा पट्टा काढला, मांडीवर आवळला, वर गुडघा दाबून धरला. गरम रक्त तरी बोटांच्या फटींतून येतच होतं.

आणि तेवढ्यात डीकन गरजले, "शब्बाथ!"

सगळ्यांनी पश्चिमेकडे बघितलं. सूर्य टेकडीमागे गेला होता. शनिवारचा सूर्य बुडाला की रविवारचा सूर्य बुडेपर्यंत प्रभूचा दिवस. काम नाही, प्रवास नाही, हौसेने चार पावलं चालणंसुद्धा नाही. वर उचललेली काठी तशीच खाली आली. एकाने दुसऱ्याच्या गळ्यावरचे हात काढले आणि त्याची कॉलर नीट केली. सुताराने तोंडातला कान बाहेर काढला, पुसला, आणि विणकराच्या हातात ठेवला. मारामारीच्या रंगात सूर्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नव्हतं. एरवी दोन्ही गावं उजेडातच घरी पोचायची.

"आता जायचं कसं?" कुणीतरी विचारलं.

"जायचं नाही," डीकन म्हणाले. "आज प्रवास म्हणजे पाप. आणि जो आधी उठला, त्याने जमीन सोडली असं होईल."

"आम्हीही इथेच आहोत," पलीकडून मॅलकाय स्टब म्हणाले. विक्सटनचे वडीलधारे ते, एक डोळा सुजून बंद झालेले. "तुमच्यातला एक जरी निघाला, तर आम्ही साक्षीदार आहोत."

"आणि तुमच्यातल्या एकाने होडीत पाय टाकला, तर आम्ही."

सीबॉर्नने मान वर केली. "अहो मामंजी, माणूस मरतोय इथे. दयेचं काम चालतं की शब्बाथला."

"चालतं," डीकन म्हणाले.

"चालतं," स्टब म्हणाले. "आम्ही आमच्या माणसाला आमच्या जमिनीवरून उचलून होडीत ठेवतो."

"आमच्या जमिनीवरून," डीकन म्हणाले.

"आमच्या."

"तसं म्हणणार असाल, तर त्याला हात लावू देणार नाही."

"तसं म्हणू देणार नसाल, तर आम्ही उचलणार नाही."

"मग मी उचलतो," सीबॉर्न म्हणाला.

"ईस्टवेलच्या माणसाने हात लावला, तर ते अपहरण," स्टब म्हणाले. विक्सटनचे चौघं दाताळी घेऊन उभे राहिले. एकाने दाताळ्याचे दात सीबॉर्नच्या गळ्याला टेकवले, टोचून रक्त येईपर्यंत. "दाबून धर," तो म्हणाला. "उचलायचं नाही."

तेवढ्यात पूर्वेला चंद्र वर आला. पूर्ण, लालभडक, टोपल्याएवढा. खाजणाच्या काठी वाढलेल्या माणसाला हा चंद्र बघून जे आठवायला हवं, ते सगळ्यांना आठवलं, आणि कुणीच बोललं नाही. पौर्णिमेचं उधाण. खाडी भरली, मग गवताच्या मुळांशी पाणी चुळचुळ करायला लागलं, मग मारामारीत तुटून पडलेलं गवत हलकेच उचललं जाऊन तरंगायला लागलं.

"स्तोत्र म्हणू या," डीकन म्हणाले.

दोन्ही गावांनी एकच स्तोत्र धरलं. विक्सटनवाले उभे राहून, ईस्टवेलवाले बसून. पाणी विक्सटनच्या घोट्याला लागलं, तेव्हा ईस्टवेलच्या कमरेला लागलं होतं. पण बसल्या जागचा एकही माणूस उठेना. बापजादे ओकारीत बसले होते, हे पाण्यात बसणार नाहीत? गारठ्याने दात वाजत होते, फुटलेल्या ओठांना खारं पाणी झोंबत होतं, आणि समोरचे कोरडे गुडघे घेऊन जास्तच मोठ्याने गात होते.

सीबॉर्नने होपस्टिलचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणी त्याच्या कानांपर्यंत आलं होतं.

"सीबॉर्न."

"बोल."

"त्या विळ्याच्या दांड्याला बदकाच्या चरबीचा वास येतोय."

"येत असेल."

"आमच्याकडे चरबी खातात. विळ्याला कुणी लावत नाही."

सीबॉर्नने त्याच्या तोंडावरचं पाणी पुसलं.

"मेल्या," होपस्टिल म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मी गेलो ना, तर रोज रात्री तुझ्या छातीवर येऊन नाचेन."

"नाचायला पाय लागतो."

होपस्टिल हसला, आणि हसण्याबरोबर पट्ट्याखालून रक्ताचा नवा लोंढा आला. "हसवू नको रे. जातंय सगळं." त्याचे ओठ मेणासारखे पडले होते. सीबॉर्नने पट्टा आणखी आवळला. आवळायला आता छिद्रच उरलं नव्हतं.

तेव्हा सीबॉर्न आपल्या टकल्या डोक्यात एखादी युक्ती शोधायला लागला. आयुष्यभर त्या डोक्यातून नुसते चावटपणे निघाले होते, पण निघायचे तर खरे.

"होप, झोपू नको. तू कॉन्स्टेबल आहेस, मला कायदा सांग. शब्बाथ मोडणाऱ्याला शब्बाथच्या दिवशी धरता येतं?"

"धरता येतं काय, धरावंच लागतं. नाही धरला तर कॉन्स्टेबलला शिक्षा."

"आणि पळाला तर?"

"पाठलाग करायचा. आरोळी ठोकायची. ज्याच्या ज्याच्या कानावर आरोळी पडेल, त्या प्रत्येकाने धावायचं. नाही धावला तर तोही गुन्हेगार."

"गावाची हद्द ओलांडून?"

"हद्द ओलांडून. जीव घेऊन पळणाऱ्याला कसली..." होपस्टिल थांबला. त्याने मोठ्या कष्टाने डोळे उघडले. "नको. सीबॉर्न, नको. दोन्ही गावं सोलतील तुला."

"सोलू देत. चरबी भरपूर आहे."

त्याने होपस्टिलचा हात पट्ट्यावर ठेवला, दाब म्हणाला, आणि उठला. दाताळेवाल्या चौघांनी दाताळी उगारली. पण सीबॉर्न होपस्टिलला शिवलाच नाही. त्याने पाण्यात पडलेला एक विळा उचलला, चोळून चोळून दांडा पुसला, आणि ऐन शब्बाथात, दोन गावांच्या डोळ्यांदेखत, गवत कापायला सुरुवात केली. सपासप. वर तोंडाने गाणं, खलाशांच्या गुत्त्यातलं:

"मॉलीच्या पिंपात बोट मी घातलं,
बोट राहिलं आत, पिंप ते फुटलं..."

स्तोत्र थांबलं. दोन्हीकडचं.

"तो काम करतोय," स्टब म्हणाले.

"आणि गातोय," ईस्टवेलचा कॉन्स्टेबल म्हणाला. नाताळवाला तो. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू चंद्र त्याच्यासाठीच उगवला होता. "पिकरेल, थांब. तुला अटक आहे."

"मला विक्सटनने धरलं तरच मी सापडेन," सीबॉर्न म्हणाला. "ईस्टवेलच्या बसक्यांना काय धावता येतंय."

"धरा त्याला," स्टब ओरडले.

"आमचा गुन्हेगार आहे," नाताळवाला ओरडला. "आम्ही धरणार."

दाताळेवाला पुढे आला. सीबॉर्नने कापलेल्या ओल्या गवताची पेंडी त्याच्या तोंडावर मारली, विळ्याच्या दांड्याने त्याच्या नडगीवर असा टोला दिला की हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. मग होपस्टिलला काखेत हात घालून ओढला, विक्सटनच्या जवळच्या होडीत लोटला, वर गवत टाकलं, आणि दोर कापला. काम, चोरी, अपहरण आणि होडीचा प्रवास. शब्बाथचं एका झटक्यात इतकं वाटोळं त्या किनाऱ्यावर आजवर कुणी केलं नव्हतं.

"आरोळी द्या," होपस्टिल होडीतून ओरडला. त्याच्यात होता नव्हता तेवढा जीव त्या आवाजात होता. "विक्सटनच्या कॉन्स्टेबलचा हुकूम आहे. सगळ्यांनी धावा."

आणि सगळे धावले. दोन्ही गावं एकदम उठली, एकाच क्षणी, कुणी आधी नाही, कुणी मागे नाही. सीबॉर्न लांब काठीने होडी ढकलत ईस्टवेलच्या बाजूच्या पाइनच्या टेकाडाकडे निघाला. मागून विक्सटनच्या दुसऱ्या होड्या, आणि ईस्टवेलवाले छातीभर पाण्यातून, पडत, बुडत, खोकत. आरोळी अशी, की टेकाडावरची कुत्री भुंकायला लागली. ज्यांना पोहता येत नव्हतं, ते पोहणाऱ्यांच्या गळ्यात पडले. तो कानतुटका विणकर आणि तो सुतार एकाच फळीला धरून आले.

फक्त डीकन ओबडाया उठले नाहीत. "मामंजी, मला धरा की," सीबॉर्न दोनदा ओरडला. डीकन गळ्याभर पाण्यात बसून म्हणाले, "कुणीतरी बसलं पाहिजे," आणि पुढचं कडवं धरलं. त्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

टेकाडाला होडी लागली. सीबॉर्नने होपस्टिलला उतरवून पाइनच्या मुळाशी टेकवला, आणि मागे वळून हात पसरले. "या," तो म्हणाला.

ते आले. आधी नाताळवाला. त्याने सोट्याचा पहिला फटका तोंडावर दिला आणि सीबॉर्नचे पुढचे चार दात घशात गेले. "हा केकचा," तो हळूच म्हणाला. मग विक्सटनवाल्यांनी पाय धरून खेचला. मग सगळेच. अटक करताना गुन्हेगार प्रतिकार करत असेल तर मारता येतं, म्हणून दोन जण त्याचे हात धरून प्रतिकार करायला लावत होते आणि बाकीचे मारत होते. तीन बरगड्या मोडल्या. डावा डोळा आत गेला तो पुन्हा नीट बाहेर आलाच नाही. स्टबनी म्हातारपणाच्या मानाने सुंदर लाथ घातली. दोन्ही गावांनी मिळून केलेलं जहाजानंतरचं हे पहिलंच काम.

आरोळी ऐकून गावातल्या बायका कंदील घेऊन आल्या होत्या. सगळ्यांत पुढे सब्मिट. नावाचा अर्थ नमून राहणारी, आणि त्या नावाची लाज तिने जन्मात एकदाही राखली नव्हती. गर्दीत शिरून तिने दोघातिघांना केस धरून बाजूला काढलं.

"तो कुठे पळत नाही आता. आधी हा बघा," ती म्हणाली. होपस्टिलची मांडी उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. "शेकोटी पेटवा. लोखंडी सळी आणा. आणि चार धटिंगण याच्यावर बसा. गाव कुठलंही चालेल."

सळी लाल झाली. होपस्टिलच्या तोंडात चामड्याचा पट्टा दिला. सळी टेकली तशी मांस चरचरलं, धूर निघाला, आणि होपस्टिल असा ओरडला की बसलेले चौघंही उडाले. ती पुन्हा बसा म्हणाली आणि पुन्हा टेकवली. रक्त थांबलं.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

"विक्सटनच्याच विळ्याने," सीबॉर्न जमिनीवरून फुटक्या तोंडाने म्हणाला.

सब्मिटने होपस्टिलच्या विजारीवरचा डाग बोटाने पुसला. बोट नाकाशी नेलं. नवऱ्याकडे बघितलं. "माझं चरबीचं मडकं कुठाय?"

सीबॉर्नने उरलेला एक डोळाही मिटून घेतला.

ओहोटी लागल्यावर डीकन सापडले. बसलेलेच, एका खुंटाला पाठ टेकून, मांडी मोडली नव्हती. खेकड्यांनी चेहरा खाल्ला होता, पण हात स्तोत्राच्या पुस्तकावर घट्ट. सब्मिटने बापाच्या अंगावरचं शेवाळ काढलं, एकेक धागा, कुणाला हात लावू दिला नाही. शेवटचा धागा काढल्यावर म्हणाली, "उभं नाही राहावं लागलं त्यांना. बरं झालं." ईस्टवेलवाले लगेच म्हणाले, बघा, आमच्या माणसाने जमीन सोडलीच नाही, खाजण आमचं. विक्सटनवाले म्हणाले, मेलेला माणूस जमिनीवर नसतो, देवापाशी असतो. तो वाद अजून चालू आहे.

सीबॉर्नला दोन्ही गावांनी शिक्षा ठोठावली, स्वतंत्रपणे, म्हणजे कुणाच्या अधिकाराला बाध नको. ईस्टवेलने आधी मारून घेतलं. नाताळवाल्याने एकेका फटक्याला हातावर थुंकून घेतलं, आणि पाठ अशी फाडली की सीबॉर्न बर्फ पडेपर्यंत पालथा झोपला. ती जेमतेम खपली धरते न धरते, तोच विक्सटनने बोलावणं पाठवलं.

"नको जाऊस," सब्मिट म्हणाली.

"जातो. होपला बघून येतो."

"फटके खायला जातोय की पाहुणचाराला?"

"पाय वाचला म्हणतात. म्हणतात. डोळ्यांनी बघायला मला कोण नेणार एरवी विक्सटनात?"

विक्सटनच्या सभाघरासमोर खांब. गाव गोळा झालेलं, तोंडातून वाफा काढत. सीबॉर्नला अंगरखा काढून बांधला. मागे काठीचा टक टक आवाज आला. कुणीतरी म्हणालं, होपस्टिल, तू बस, दुसरा कुणी मारेल. होपस्टिल म्हणाला, "कॉन्स्टेबल मी आहे." सीबॉर्नला मान वळवता येत नव्हती, त्याला दिसत होती फक्त खांबाच्या लाकडातली डोळ्यासारखी एक गाठ.

पहिला फटका आला तो तिरपा, मेलेला, माशी हाकलल्यासारखा. गर्दी कुजबुजली. "दूध आठवलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा फटका खांबालाच लागला.

सीबॉर्नने मागच्या पावलांकडे कान लावले. चाबूक हाताने नाही मारत, पायाने मारतात, हे त्याच्याइतकं त्या मुलखात कुणाला माहीत असणार? जोर टाचेतून येतो. टाच टेकत नसेल, तर पाय गेला. नुसता लटकतोय, बास. शेत गेलं, गाय गेली, हा एवढा मोठा माणूस आता चुलीशी बसून वाटाणे सोलणार.

"होप," तो हळू म्हणाला. "पाय टेकव."

"टेकवतोय. दुखतो."

"काठीवर भार टाकतोयस तू. काठी टाक."

"पडेन."

"पडलास तर गाव हसेल, आणखी काय. टाक काठी, भित्र्या. चरबी लावलीय का तिला?"

मागे काठी बर्फावर पडल्याचा आवाज आला. मग होपस्टिलचा श्वास, दातांतून ओढलेला. मग चाबूक हवेत शीळ घालत आला आणि खपलीवर असा बसला, की जुनी कातडी, नवी कातडी, सगळं एकदम उकललं आणि रक्त विजारीत उतरलं. सीबॉर्न किंचाळला. डोळ्यांतून पाणी आलं. मग तोंडातून पहिलं काय बाहेर पडलं, तर हसू.

"हसतो काय रे?" होपस्टिल मागून म्हणाला. तो धापा टाकत होता. पण उभा होता.

"टाच टेकली तुझी."

"टेकली. गप."

"नक्की ना? एकावरून कळत नाही. पुन्हा मार, नीट बघू दे."

होपस्टिलने पुन्हा मारला. गाव डोळे विस्फारून बघत होतं. एक जण फटक्यागणिक किंचाळत होता आणि किंचाळून झालं की विचारत होता, डावीकडे भार गेला का, कमरेत कळ येते का. दुसरा घाम पुसत सांगत होता, नाही येत, येते थोडी, आता नाही. आणि फटके बसत होते एकाहून एक सरस, पार हाडापर्यंत पोचणारे.